ताईच्या सहीचा दाखला

चौक,
६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरली असशील. चौकहून भिसेगाव दुचाकीवर असं किती लांब, फोन दोघांच्याही हातात, मग हा पत्र कशाला लिहितो? घरी सगळं ठीक आहे. नम्रताचं शिवणकाम जोरात आहे, सुरभी बारावीच्या पुस्तकांत बुडाली आहे, भात झोडून घरात आलं. गोष्ट माझी आहे. फोनवरचं बोलणं फोन ठेवला की विरून जातं, आणि मला ते लिहिलेलं हवं आहे.

दिवाळीनंतर एकदा पहिली पाळी संपवून रसायनीहून येत होतो. दांड फाट्याहून हायवेला लागलो आणि गाडी एका खड्ड्यात आदळली. घरी येऊन हातपाय धुतले, चहा घेतला, आणि एकदम मनात आलं, तो खड्डाच होता ना? माणूस तर नव्हता? उठलो, गाडी काढली, परत गेलो. खड्डाच होता. घरी आलो तर वाटलं, आपण रस्ता नीट बघितला, पण कडेची गटारं कुठे बघितली? पुन्हा गेलो.

आता हे रोजचं झालं आहे. कुठेही दणका बसला की मागे फिरावं लागतं, कधी दोनदा, कधी पाचदा. कंपनीत दोन वेळा उशीर झाला. मी बॉयलरवर आहे, माझ्यासाठी आधीच्या पाळीचा माणूस खोळंबतो. साहेबांनी बोलावून विचारलं, मी गाडी पंक्चर झाल्याचं सांगितलं. ताई, मला कळतं की मी कोणाला उडवलेलं नाही. पण ते कळणं गाडीवर बसेपर्यंतच टिकतं.

आईबाबा गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तूच करायचीस. ती सही बघून मला गणितातले अठ्ठावीस मार्कसुद्धा ठीक वाटायचे. म्हणून मागतो. सहदेवने कोणालाही धडक दिलेली नाही, एवढं एका कागदावर लिही आणि खाली सही कर. हसलीस तरी चालेल, पण पाठव.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
सहदेव


भिसेगाव, कर्जत,
१० जानेवारी २०२५

चि. सहदेव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हसले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अरे, तू किती सावकाश गाडी चालवतोस हे अख्ख्या खालापूर तालुक्याला ठाऊक आहे. तुझ्या गाडीखाली यायचं तर माणसाला आधी अर्ज करावा लागेल.

तरी मी काम कच्चं ठेवलेलं नाही. गेल्या पंधरा दिवसांचे पेपर रद्दीतून काढून तुमच्या बाजूच्या अपघातांच्या बातम्या वाचल्या. गॅरेजवाल्या गजालाही फोन केला. तुझा वर्गमित्र, हायवेवर दिवसभर बसलेला. काही झालं असतं तर त्याला आधी कळलं असतं. काही झालेलं नाही.

माझ्या मते हा डोळ्यांचा प्रश्न आहे. बावन्न वय झालं, चष्मा अजून सुरभी तिसरीत असतानाचा. शनिवारी ये, स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवते. आणि तू मागितलेलं हे घे:

दाखला. लिहून देण्यात येते की माझा धाकटा भाऊ सहदेव याने आजपावेतो कोणत्याही माणसास अथवा जनावरास वाहनाची धडक दिलेली नाही. विनिता थोरवे, निवृत्त मुख्याध्यापिका.

शाळेचा शिक्का निवृत्त होताना जमा केला, नाहीतर तोही मारला असता. तीळगूळ करून ठेवला आहे. नम्रता आणि सुरभीला आशीर्वाद. असाच मोकळेपणानं लिहीत जा.

तुझी,
ताई


चौक,
२२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न.

डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंसच. नंबर जरा वाढला आहे, बाकी डोळे छान. नवा चष्मा लावल्यापासून खड्डे अधिक स्पष्ट दिसतात, एवढाच फरक.

दाखल्याचं मात्र सांगायलाच हवं. चार दिवस मी राजासारखा गेलो आणि आलो. खिशात हात घातला की कागद लागायचा, पुरे व्हायचं. पाचव्या दिवशी मनात आलं, हा दहा तारखेपर्यंतचा आहे, आज सतरा. त्यानंतरचं कोण सांगणार? त्या दिवशी सहा वेळा मागे गेलो. मध्ये गजाच्या गॅरेजवर थांबलो. गाडीच्या पुढच्या मडगार्डला पोचा आला आहे का ते त्याच्याकडून बघून घेतलं. त्यानं वाकून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

दर दोन दिवसांनी एक असा पाठवशील का? तारीख घालून. माणूस अथवा जनावर याच्यापुढे ‘सायकलस्वार’ पण घाल. आणि पेपर वाचलास हेही लिही.

तुला त्रास देतो आहे हे कळतं. रागावू नकोस, मला तुझ्यावाचून कोण आहे?

तुझा,
सहदेव


भिसेगाव,
२७ जानेवारी २०२५

चि. सहदेव यास,
अ. उ. आ.

सोबत पाच दाखले पाठवते आहे, पुढचेही येतील. रोज सकाळी चहाबरोबर पेपर, मग गजाला फोन, मग दाखला, असा माझा दिनक्रम बसला आहे. दाजी म्हणतात, निवृत्तीनंतर तुला पुन्हा कार्यालय मिळालं.

थट्टा पुरे. तुझ्या मनावर ताण आहे आणि त्याला माणूस पाहिजे, हे आता मलाही पटलं. इथे बाजारपेठेत एक समुपदेशक बसतात. दाजींच्या मित्राच्या मुलानं आणि सुनेनं घटस्फोटापर्यंत ताणलं होतं, त्यांनी चार बैठकांत दोघांना पुन्हा एका ताटात बसवलं. माणूस चांगला. सगळ्यात सोयीचं म्हणजे खाली झेरॉक्सचं दुकान, वर टायपिंगचा क्लास, आणि जिना एकच. कोणी पाहिलंच तर सुरभीची कागदपत्रं झेरॉक्सला आणली म्हणायचं. पनवेलला मोठे डॉक्टर आहेत, पण त्यांच्या पाटीवर नको ते लिहिलेलं असतं, आणि तिकडे रसायनीची निम्मी माणसं खरेदीला येतात.

त्यांच्यासमोर सगळं उकरत बसू नकोस. कामाचा ताण आहे, झोप लागत नाही, एवढं बास. घरची गोष्ट घरात राहू दे.

जेवत जा वेळेवर. माझा जीव तुझ्यात अडकला आहे हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


चौक,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. विनिताताईंस,
नम्रताचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. फोनवर मला रडू येईल आणि सांगायचं राहील.

परवा ह्यांना टेंपोचा धक्का लागला. नशीब म्हणायचं, खांद्याला नुसतं खरचटलं. हे दांड फाट्याच्या पुढे, हायवेवर, गाडी कडेला लावून रस्त्याच्या मध्ये उभे होते. हातात तुमचा दाखला होता. तो मोठ्यानं वाचत होते आणि डांबर बघत होते. गजाभाऊंनी लांबून पाहिलं, धावत जाऊन दंडाला धरून बाजूला ओढलं, तेवढ्यात टेंपो खांद्याला घासून गेला. ताई, हे कोणाला उडवणार नाहीत. पण असंच चाललं तर ह्यांनाच कोणीतरी उडवेल.

तुमचे दाखले सव्वीस झाले आहेत. डब्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवतात. रोज संध्याकाळी मला समोर बसवून एकेक तारीख वाचून घेतात, आणि मी हो म्हणायचं. हो जरा उशिरा आलं तर पहिल्यापासून सुरू. मी दमले आहे.

गजाभाऊ घरी सोडायला आले तेव्हा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, वैनी, तो रोज गाडी दाखवाया आणतो, गाडीला काय बी झालं नाय. मी पंक्चरवाला हाय. समद्या गाड्या मी बघतो, पण इंजिन खोलायचं तर मी खोपोलीला धाडतो, उगा हात घालत नाय. ह्याला बी तसा कोन तरी बघा.

मग मी काल एकटीच तुमच्या त्या समुपदेशकांकडे गेले. सरळ विचारलं, तुम्ही कोणकोणती दुखणी बघता? बिचारे भले आहेत. म्हणाले, नवरा-बायकोचे वाद, परीक्षेची भीती, घरात कोणी गेल्याचं दुःख. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. तीन बैठकांत ह्यांनी त्यांना फक्त कामाचा ताण सांगितला होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. ते म्हणाले, हा आजार आहे, ह्याला औषध लागू शकतं आणि मला औषध देता येत नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावला, तिथल्या बाईंनीही तेच सांगितलं.

माझं काही जास्त बोलून झालं असेल तर मनात ठेवू नका. तुमचा आधार आहे म्हणूनच लिहिलं.

आपली,
नम्रता


भिसेगाव,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नम्रतास,
अनेक आशीर्वाद.

तू काहीही जास्त बोलली नाहीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला माझी लाज वाटली. आपण स्थळ बघायला निघालो की मुलाचं शिक्षण, नोकरी, मामाचं गाव, सगळं खोदून विचारतो. भावासाठी डॉक्टर बघायचा झाला तर मी फक्त जिना बघितला.

आता नीट चौकशी केली आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी पनवेलच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिनं शाळेतल्यासारखं मला समजावून सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस झालेला आणि मग मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, पण आजार मोडून काढायची पद्धतशीर उपचारपद्धत शिकलेले असतात आणि त्यांची सरकारदरबारी नोंदणी असते. समुपदेशक वेगळे. मी इतकी वर्षं ह्या सगळ्यांना एकच नाव देत होते, आणि ते नाव इथे लिहीत नाही.

कंपनीला कळेल का, हीच सहदेवला धास्ती असणार. डॉक्टर रुग्णाचं कोणाला सांगत नाहीत असं ती म्हणाली, पण हा प्रश्न आपण स्वतः तोंडावर विचारू. शुक्रवारी सकाळी दहाला नंबर आहे. मी पनवेलला परस्पर येते. त्याला गाडीवर आणू नकोस, एसटीनं या. आणि या वेळी त्यानं सगळं सांगायचं, खड्ड्यासकट.

तोवर दाखले पाठवत राहू का, मला कळत नाही. आज एक लिहिला आहे, सोबत आहे.

तुझ्या धीटपणाचं कौतुक वाटलं. अशीच माझे कान धरत जा.

तुझी,
ताई


चौक,
१६ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे तू होतीसच, त्यामुळे तिथलं पुन्हा लिहीत नाही. ह्या आजाराला नाव आहे आणि तो पुष्कळांना असतो, हे ऐकून मला रस्त्यावर आल्यावर रडू आलं ते तू पाहिलंस. ओसीडी. मला वाटत होतं जगात मी एकटाच असा. गोळ्या चालू आहेत. पहिला आठवडा मळमळत होतं, आता थांबलं. गुण यायला काही आठवडे लागतील हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. कंपनीचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी कोणाला कळवणार नाही, पण काही दिवस रजा घे. घेतली आहे.

त्यांनी पाठवलेल्या माधवी मॅडमकडे दोनदा जाऊन आलो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सुरभीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, मला वाटलं हिला काय कळणार. तिनं मला रस्ता चित्र काढून दाखवायला सांगितला, कुठे भीती वाटते त्याला मार्क द्यायला लावले. मग थोड्या मार्कांच्या ठिकाणापासून सुरुवात. गाडीवर नाही, आधी पायी, नम्रताबरोबर. दणका बसला असं वाटलं तरी मागे बघायचं नाही. भीती वाढते, वाढू द्यायची, आणि चालत राहायचं. मी तिला म्हणालो, मॅडम, फक्त एवढं सांगा की मी कोणाला उडवलेलं नाही. ती म्हणाली, मी ते सांगणार नाही, आणि ते नक्की न कळताच घरी जायला आपण शिकणार आहोत.

मग मी तिला दाखल्यांची पिशवी दाखवली. बत्तीस होते. तिनं सगळे शांतपणे वाचले. म्हणाली, तुमच्या ताईंचं तुमच्यावर फार प्रेम दिसतं. आणि म्हणाली, हे बंद करावं लागेल. रस्त्यावर परत जाणं आणि ताईंची सही वाचणं हे एकच आहे. दोन्हींनी घटकाभर बरं वाटतं आणि आजार माजतो. नम्रतालाही सांगितलं की संध्याकाळचं हो म्हणणं थोडं थोडं कमी करत बंद करा.

ताई, बाकी सगळं मी करीन. गोळ्या घेईन, चालीन, मागे बघणार नाही. पण एक शेवटचा पाठव. तारीख घालू नकोस, कायमचा एकच. मॅडमना दाखवणार नाही. तू लहानपणापासून मला एवढी एकच गोष्ट देत आलीस, तीही काढून घेणार का?

उत्तराची वाट बघतो आहे. तू नाही म्हणणार नाहीस ठाऊक आहे.

तुझा,
सहदेव


भिसेगाव,
२० मार्च २०२५

चि. सहदेव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्याच दिवशी मी कायमचा दाखला लिहिला. चांगल्या जाड कागदावर, सुवाच्य अक्षरात, सही करून पाकिटात घातला. पाकीट घेऊन पोस्टाच्या दारापर्यंत गेले, तिथून परत आले आणि माधवी मॅडमना फोन लावला. तुझ्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत, ते त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मी माझ्याविषयी विचारलं. आईच्या जागी असलेल्या बहिणीनं काय करायचं? त्या म्हणाल्या, भावाला खूप पत्रं लिहा, फक्त त्या एका प्रश्नाचं उत्तर देऊ नका.

म्हणून सांगते. तुझा प्रश्न मी वाचला. उत्तर देणार नाही. या पत्रात नाही, पुढच्यात नाही, फोनवर नाही, तू समोर येऊन बसलास तरी नाही. पेपरातल्या अपघाताच्या बातम्या मी आता वाचत नाही, पान उलटते. गजालाही त्यासाठी फोन करत नाही. तो म्हणाला, बरं झालं ताई, मला बी रोज त्येच त्येच सांगाया लागत व्हतं.

तुला वाटेल ताई निष्ठुर झाली. मला फार जड गेलं आहे हे, लपवत नाही. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी सोळा. माझी सही पालकाच्या रकान्यात बघून हेडमास्तर हसले होते. तू हसला नव्हतास. तेव्हापासून तू काही मागितलंस आणि मी दिलं नाही असं झालेलं नाही. मला तू जिवंत हवा आहेस, हायवेच्या मध्ये उभा राहून माझे कागद वाचणारा नको. ही सही आजपासून मिळणार नाही.

बाकी बातम्या सांगते. अंगणातला शेवगा लागला आहे. दाजी मोबाइलवर बुद्धिबळ शिकले आणि रोज सातवीतल्या कुठल्यातरी पोराकडून हरतात. सुरभीचे पेपर कसे गेले ते कळव.

रागावलास तर राग. माझ्याकडून माया कमी होणार नाही.

तुझी,
ताई


चौक,
९ एप्रिल २०२५

ती. ताईंस,
सा. न.

ह्यांनी तुमचं पत्र वाचून भिंतीतल्या देवळीत टाकलं. तुम्हाला लिहायला तयार नाहीत म्हणून मी लिहिते. पहिला आठवडा फार वाईट गेला. एकदा माझ्या अक्षरात दाखला लिहून द्या म्हणाले, मी मशीनवरून उठून परसात गेले. आता संध्याकाळी मला दोनदाच विचारतात. मी म्हणते, माहीत नाही. सोमवारपासून कंपनीत जातात, सध्या कंपनीच्या बसनं. तुम्ही पत्रं पाठवत राहा. पोस्टमन आला की हेच आधी उठतात.

लोभ आहेच तुमचा, तो ह्यांच्यावर जरा जास्त ठेवा.

आपली,
नम्रता


चौक,
२१ मे २०२५

ती. ताईस,
सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

दोन महिन्यांनी लिहितो आहे. तुझी सात पत्रं आली, सातही वाचली. शेवगा, दाजींचं बुद्धिबळ, शेजारच्यांची मांजर. पहिल्या तीन पत्रांवर मी फार रागावलो होतो.

रविवारी मी एकटा गाडीवर तुझ्याकडे आलो ते मॅडमनी ठरवून दिलेलं होतं. माझ्या यादीत सगळ्यात जास्त मार्कांचं काम तेच होतं, चौक ते भिसेगाव, एकट्यानं, न थांबता. वावर्ल्याजवळ दणका बसला. चांगला जोरात. तुझ्या दारात गाडी लावली तेव्हा घामानं शर्ट भिजला होता आणि तू दाजींना सांगितलंस की ऊन फार आहे. मला वाटलं, आता ही विचारेल, वाटेत सगळं ठीक होतं ना? तू विचारलं नाहीस. भाकऱ्या थापत राहिलीस. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, गाडीची किल्ली हातात होती. तू वर बघितलं नाहीस, पण तुझी भाकरी परातीत फाटली. तू ती गोळा करून पुन्हा मळलीस. मग मी येऊन बसलो आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

परत येतानाही थांबलो नाही. सोमवारी पाळीवर वेळेवर पोचलो, गाडीनं. रोज असं जमत नाही. बुधवारी, म्हणजे आज, एकदा मागे फिरलो, पण एकदाच. गोळ्या अजून बरेच दिवस चालणार आहेत, मॅडमकडे पंधरा दिवसांनी जायचं आहे.

वावर्ल्याला काय होतं, ते मला माहीत नाही. तीन दिवस झाले, अजून माहीत नाही.

बत्तीस दाखले सोबत परत पाठवतो आहे. चुलीत घातले असते, पण प्रत्येकावर तुझी सही आहे, माझ्यानं होईना. तुझं तू काय ते कर. चौथीचं प्रगतिपुस्तक मात्र माझ्या पेटीत सापडलं, ते ठेवून घेतलं आहे.

दाजींना नमस्कार. लोभ होता, आहे, आणि मी रागावलो तेव्हाही तू तो तसाच ठेवलास, तसाच ठेव.

तुझा,
सहदेव

ता. क. या पत्रात तुला काही विचारलेलं नाही. उत्तर सवडीनं दे.